पडदा भरला म्हणजे सिनेमा दिसला असं नाही

वाचक विचारतात : दिग्दर्शक आणि त्यांचे सिनेमे

‘फँड्री’ की ‘सैराट’? आमच्या कट्ट्यावर हा वाद मिटत नाही. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, पण म्हणून गोड उत्तर नको. (जुळे सोलापूर)

‘फँड्री’ (२०१३). डुक्कर पकडण्याचा प्रसंग पुन्हा लावा. नायक जब्याचं कैकाडी कुटुंब डुकरामागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर मात्र निसटतं. पुढे तेच डुक्कर काठीला लटकवून नेताना मागे शाळेची भिंत दिसते, तिच्यावर आंबेडकर, सावित्रीबाई. यावर कुणी अक्षर बोलत नाही. बोलले असते तर प्रसंग भाषणात गेला असता. हाच प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा, म्हणजे माणसं कुठे उभी केलीत ते कळेल.

‘सैराट’ (२०१६) पावणेतीन तासांवर जातो आणि पूर्वार्ध लांबलाय ही तक्रार रास्त आहे. पण हिशेब मांडून बघा : चारही गाणी पूर्वार्धातच वाजून जातात. हैदराबादेत एकही नाही. आणि अखेरीस, लहान मूल रक्तात पावलं उमटवत बाहेर येतं तेव्हा आवाजच काढून टाकलाय. आधी ज्या अजय-अतुलच्या वाद्यवृंदाने कान भरले होते, त्यामुळेच ती शांतता अंगावर येते. एक गंमत फक्त आपल्याकडची. हैदराबादेत सुरुवातीला नायिका आर्चीला आजूबाजूचं तेलुगू कळत नाही आणि ती बावरते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या प्रेक्षकाला ते सगळं कळतं, त्यामुळे तिचं एकटेपण त्याला जरा वेगळं दिसतं.

आजी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ची आठवण काढते. व्ही. शांताराम पाहायला सुरुवात त्यापासून करू का? (मुरारजी पेठ)

आजीसोबत जरूर पाहा. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, १९१० सालचे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. १९४६ च्या या सिनेमात त्यांची भूमिका खुद्द शांतारामांनीच केली. विषय मोठा, पण दिग्दर्शक म्हणून शांताराम समजून घ्यायचे तर ‘कुंकू’ (१९३७) आधी हवा.

ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा सिनेमा. नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावून दिलेलं आणि ती ते मानायला तयार नाही. शांता आपटे आणि केशवराव दाते. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत, त्यात भिंतीवरचं घड्याळ. बघताना कान घड्याळाकडे ठेवा. त्याचं आणि काकासाहेबांचं नातं हळूहळू उलगडत जातं. ‘दुनिया न माने’ ही याचीच हिंदी आवृत्ती, पण मराठीच पाहा.

इथे हमखास होणारी चूक : जुना सिनेमा टीव्हीवर कडेपर्यंत ताणणं. त्या काळची चौकट (रुंदी:उंची) साधारण ४:३ ची आणि आजचा टीव्ही १६:९. ताणलं की चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो आणि शांता आपटे ओळखू येत नाही. ‘झूम’ केलं तर वरची-खालची मिळून पाव चौकट कापली जाते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले पाहिजेत. ते दोष नाहीत.

‘सिंहासन’ दोनदा अर्ध्यात सोडला. कोण कोणाच्या बाजूने तेच कळत नाही. (सात रस्ता)

गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या (‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’) विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्यात, त्यामुळे माणसं फार. सुरू करण्याआधी कागदावर चार नावं लिहा : मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक), अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू), कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी), पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले). हरवलात की दिगूला धरा, तो सगळ्यांकडे जातो. तरी नाहीच जमलं तर याच दिग्दर्शकाचा, जब्बार पटेलांचा ‘सामना’ आधी बघा. तिथे मुख्य दोघंच, मास्तर आणि हिंदुराव, आणि निळू फुले-लागू जोडी भरात आहे. आमच्या मते पटेलांचा सर्वोत्तम मात्र ‘उंबरठा’ (१९८२). स्मिता पाटील चुकते तेव्हाही दिग्दर्शक तिची वकिली करत नाही.

घरी तेलुगू, शेजारी कन्नड. त्या भाषांतले दिग्दर्शक कुठून सुरू करावेत? (अक्कलकोट रोड)

तेलुगूत के. व्ही. रेड्डींचा ‘मायाबाजार’ (१९५७). घटोत्कच जेवायला बसतो तो प्रसंग लहान मुलांना दाखवा, पुढचं ती स्वतः मागतील. रंगवलेली नवी प्रत टाळा. छायालेखक मार्कस बार्टलीने चांदणं काळ्या-पांढऱ्या छटांतच रचलं होतं. कन्नडमध्ये गिरीश कासारवल्लींचा ‘घटश्राद्ध’ (१९७७). विधवा यमुनाची गोष्ट तो एका लहान मुलाच्या नजरेतून सांगतो. त्या पोराला जेवढं कळतं, जवळपास तेवढंच आपल्याला.

महापालिकेतून निवृत्त झालो. परदेशी सिनेमा एकच सांगा.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२). नायक पालिकेतला विभागप्रमुख आहे. तुम्ही हसालही आणि जरा गप्पही व्हाल.

दहा जणांनी मिळून घरी सिनेमा बघायचा आहे. प्रोजेक्टर भाड्याने आणतोय. (होटगी रोड)

आधी दुकानदाराला ‘थ्रो रेशो’ (प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी) विचारा. तो १.२ असेल तर ६ फूट रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर ७ फूट २ इंचांवर लागेल. ६ फूट रुंदीत उंची ३ फूट साडेचार इंच येते, आणि ४:३ चा जुना सिनेमा त्यात साडेचार फूट रुंद दिसतो. पुढची रांग ८-९ फुटांवर ठेवा. प्रोजेक्टर तिरका ठेवून ‘कीस्टोन’ या सोयीने चित्र सरळ करू नका, कडांची धार जाते. स्टूलच हलवा.

चादर पडदा म्हणून लावायचा मोह होतो. सोलापुरी चादर त्या कामाची नाही, तिची नक्षी प्रत्येक चेहऱ्यावर उमटेल. साधा पांढरा कपडा ताणून बसवा आणि मागे काळं कापड, नाहीतर उजेड आरपार जातो. सोलापुरी चादर दुहेरी करून खिडक्यांना लावा. जाड सुताने रस्त्यावरचा दिवा अडतो आणि खोलीतला घुमाराही कमी होतो. एक दारामागेही टांगा.

आवाज ब्लूटूथवरून नको. तो पाव सेकंद मागे राहिला तरी सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने ओठ सहा चौकटी पुढे धावतात. वायर लावा. यंत्रात चित्र ‘गुळगुळीत’ करणारी सोय असेल तर ती बंद करा, तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसतो. मे महिना असेल तर रात्री आठनंतर सुरू करा आणि प्रोजेक्टरच्या झरोक्यांपासून भिंत फूटभर लांब ठेवा. तापला की तो मध्येच बंद पडतो, आणि लगेच चालू करायला गेलात की पुन्हा पडतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात चहा होतो.