पहिली पेटी शोधताना

जिओकॅशिंग म्हणजे इतरांनी लपवलेली पेटी फोनवर दिसणाऱ्या स्थानाच्या आधारे शोधण्याचा छंद; त्याच्या पहिल्याच फेरीत पेटी सापडली नाही म्हणून तुम्ही खट्टू झालात, हे मी समजू शकतो. परंतु फोन शून्य मीटर अंतर दाखवत असताना पायाशी काहीच नसणे हा जिओकॅशिंगमधील नेहमीचा अनुभव आहे. उपग्रहांवरून ठरणारे स्थान काही मीटरनी चुकू शकते आणि दाट झाडीत किंवा उंच भिंतींलगत ही चूक वाढते, म्हणून शेवटच्या दहा मीटरांत फोन खिशात ठेवून डोळ्यांनीच शोधावे. मुद्दाम रचल्यासारखे दिसणारे तीन-चार दगड, बुंध्याशी टेकवून ठेवलेली सुटी साल, कुंपणाच्या खांबाचे सैल टोपण यांवर नजर ठरू लागली की या छंदाची खरी गोडी कळते. ढोलीत हात घालण्यापूर्वी मात्र काठीने चाचपून पाहावे.

प्रत्येक पेटीच्या शोधाचे काठिण्य आणि तिच्यापर्यंतची वाट यांना १ (सोपी) ते ५ (अवघड) अशी श्रेणी दिलेली असते; सुरुवातीला दोन्ही दीडपर्यंत असलेल्या पेट्याच निवडाव्यात. काही पेट्या म्हणजे बोटभर नळीच असते आणि तिच्यात शोधणाऱ्याने नाव लिहायच्या कागदाची गुंडाळी केवळ मावते, त्यामुळे पेन स्वतःचे न्यावे. डेव्ह उल्मर यांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेतील ऑरेगनमध्ये पहिली पेटी म्हणून ठेवलेल्या बादलीपासून ‘काही घ्या, काही ठेवा’ हा रिवाज चालत आला आहे. घेतलेल्या वस्तूइतक्याच मोलाची वस्तू ठेवावी आणि पेटी होती तशीच झाकावी. पेटी न सापडल्यास तशी नोंदही ॲपवर अवश्य करावी, कारण अशा नोंदी साठल्या की पेटी हरवली असावी हे तिच्या मालकाला कळते.