गणित सोडलं, आता अर्थशास्त्र घेता येईल का?

प्रश्न : मी बार्शीला बारावी कॉमर्सला आहे, मराठी माध्यम. अकरावीत गणित सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतली. आता सगळ्यांत जास्त अर्थशास्त्र आवडतं आणि त्यातच पदवी करायची आहे. कोणी म्हणतं गणिताशिवाय अर्थशास्त्र मिळत नाही, कोणी म्हणतं बी.ए.ला कुणालाही मिळतं. अर्थशास्त्र मेजर (मुख्य विषय) घ्यावं की मायनर (दुय्यम विषय), तेही कळत नाही. बाबांचं भुसार मालाचं अडतदुकान आहे, ते म्हणतात बी.कॉम. कर. पुढे स्पर्धा परीक्षा किंवा रिझर्व्ह बँकेसारखी नोकरी करायची इच्छा आहे. – एक विद्यार्थिनी (नाव छापू नये)

उत्तर : तुला सांगणारे दोघंही खरंच बोलतायत. 'कुणालाही मिळतं' म्हणणारा प्रवेशाच्या अर्जाबद्दल बोलतोय आणि 'गणिताशिवाय नाही' म्हणणारा वर्गात काय शिकवतात त्याबद्दल.

आधी अर्जाचं बघू. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत बी.ए.ला अर्थशास्त्र घ्यायला बारावीत गणित लागत नाही. कॉमर्सच्या मुलांनाही बी.ए.ला प्रवेश मिळतो. दिल्ली विद्यापीठाचं मात्र वेगळं आहे. तिथल्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित किंवा अप्लाइड मॅथ्स द्यावंच लागतं, आणि त्या विद्यापीठासाठी सीयूईटीचे विषय बारावीला असलेलेच घ्यायचे असतात. म्हणजे ते दार तुला आज बंद आहे. त्यासाठी वर्ष वाया घालवून पुन्हा बारावीला बसावं, असं मला अजिबात वाटत नाही. पुण्यामुंबईच्या खासगी आणि अभिमत संस्थांत 'बी.एस्सी. अर्थशास्त्र' असतं, तिथे माहितीपत्रकातला 'पात्रता' हा परिच्छेद स्वतः वाच. ओळखीच्या दादा-ताईने सांगितलेली पात्रता गेल्या वर्षीची असते.

आता वर्गाकडे येऊ. 'एसपी स्कोअरिंग आहे, गणित कशाला डोक्याला ताप' हे वाक्य अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉमर्स कॉलेजच्या आवारात ऐकू येतं. ज्याला सी.एस. (कंपनी सेक्रेटरी) करायचंय किंवा नुसती पदवी हवीय, त्याला ते ठीक आहे. अर्थशास्त्रवाल्याला ते दोन वर्षांनी महागात पडतं. बारावीच्या पुस्तकातली मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, तू आकृत्या काढून आणि व्याख्या लिहून निभावतेस. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला, कॉलेज जरा कसून शिकवणारं असेल तर, तीच लवचिकता डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर काढायचं गणित) घेऊन काढायची असते. एम.ए.ला गेल्यावर तर सुटकाच नाही.

कसं, ते तुझ्या घरातल्याच मालावर दाखवतो. 2015 साली तूरडाळ किरकोळीत 200 रुपये किलोवर गेली होती, बाबांना विचार. चढा भाव बघून पुढच्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर भरमसाट पेरली, पाऊसही बरा झाला, आणि 2017 च्या सुरुवातीला माल एकदमच बाजारात आला. हमीभाव बोनस धरून 5050 रुपये क्विंटल होता, बाजारात भाव त्याच्या खाली. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा आणि बारदाना संपलेला. आता हेच कागदावर मांड. समज, मागणी आहे 100 वजा भावाची दुप्पट. पेरणी मात्र शेतकरी गेल्या वर्षीचा भाव बघून करतो, म्हणून पुरवठा आहे गेल्या वर्षीचा भाव वजा 20. गेल्या वर्षी भाव 60 होता, तर यंदा माल येईल 40, आणि तेवढा माल खपायला भाव 30 वर यावा लागेल. पुढच्या वर्षी 45. मग साडेसदतीस. मग सव्वाएकेचाळीस. एकदा वर, एकदा खाली असं करत भाव 40 ला येऊन टेकतो. याला कॉबवेब मॉडेल म्हणतात, कारण आलेख काढला की कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो.

पेन घेऊन हे आकडे तू स्वतः काढून बघ. मग पुरवठ्यात भावाच्या जागी भावाची तिप्पट घे, वजा 20 च्या जागी वजा 100 घे, सुरुवात 41 पासून कर आणि काय होतं ते पाहा. भाव 40 वर का टेकत नाही, उलट लांब लांब का पळतो, हा प्रश्न रात्री जेवतानाही डोक्यात राहिला तर अर्थशास्त्र मेजर घे. 'आकडे नकोत, सरकारने तूर आयात करावी की नाही एवढंच सांगा' असं वाटलं तरी त्यात कमीपणा काही नाही, पण मग तुला मायनर पुरेल. (माझ्याकडे येणाऱ्यांत हा दुसरा गट मोठा असतो, आणि त्यातली बरीच मुलं पुढे राज्यशास्त्रात, पत्रकारितेत उत्तम रमतात.)

मेजर-मायनरचा हिशेब असा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला आपल्या राज्यात 120 ते 132 क्रेडिट असतात. मायनरला त्यातले 20 च्या आसपास, मेजरला त्याच्या दुपटीहून जास्त. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास, तेव्हा मायनर म्हणजे तीनेकशे तासांचं शिक्षण. त्यात सूक्ष्म, स्थूल आणि भारतीय अर्थव्यवस्था यांची तोंडओळख होते. इकॉनॉमेट्रिक्सपर्यंत, म्हणजे संख्याशास्त्र वापरून अर्थशास्त्राचे आकडे तपासण्यापर्यंत, गाडी जात नाही. मेजर कधी बदलता येतं, मायनर कुठल्या सत्रात निवडायचं, हे विद्यापीठागणिक वेगळं आहे. शिवाय धोरणात दहा जोड्या लिहिलेल्या असल्या तरी तुमच्या कॉलेजात त्या विषयाचे प्राध्यापक आहेत का आणि तास एकमेकांवर येत नाहीत ना, हा खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर वेबसाइटवर नाही, कॉलेजच्या ऑफिसात मिळतं.

मला विचारशील तर अर्थशास्त्र मेजर आणि संख्याशास्त्र मायनर ही जोडी मिळाली तर डोळे झाकून घे. पण मायनरलाही बारावीचं गणित मागतात का, ते आधी विचार. चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात.

सुटलेलं गणित भरून काढायला रस्ता आहे. बारावी पास झाल्यावर बोर्डाच्या परीक्षेला एखादाच विषय घेऊन बसता येतं. अर्जावर त्याला 'तुरळक विषय' म्हणतात. कॉलेजच्या क्लार्कना हा शब्द सांगितलास की पुढचं ते सांगतील. पहिल्या वर्षाला असताना फेब्रुवारीत हा पेपर देता येईल. पण गुणपत्रिकेवर गणित आलं नाही तरी ते डोक्यात यायला हवं, म्हणून कॉमर्सचंच गणिताचं पुस्तक ई-बालभारतीवरून उतरवून घे, मोफत आहे. सगळं करू नकोस. पहिल्या भागातलं मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि त्याचे उपयोग, दुसऱ्या भागातलं रिग्रेशन आणि प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन एवढं पुरे. निर्देशांक त्यातही आहेत, पण ते काढायच्या लॅस्पेअर आणि पाशे या पद्धती तू अर्थशास्त्रात केल्याच आहेस. बोर्डाची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत जे दिवस मिळतात, त्यात रोज दीड तास बसलीस तर एवढं होतं.

नोकरीबाबत. भारतीय अर्थसेवेच्या, म्हणजे आयईएसच्या परीक्षेला अर्थशास्त्र किंवा त्याच्या जवळच्या ठरावीक विषयांतली पदव्युत्तर पदवीच लागते. रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकाऱ्यांच्या जनरल जागांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, पण तिथल्या आर्थिक संशोधन विभागाच्या जागांना पुन्हा पदव्युत्तर पदवी हवी. म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या जनरल जागांना पदवीचा विषय कुठलाही चालेल. आयईएसला आणि संशोधन विभागाला एम.ए. किंवा एम.एस्सी. करावंच लागेल, आणि चांगल्या ठिकाणच्या प्रवेश परीक्षांत गणित विचारतात. आयआयटीच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत 2021 पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे, त्यात गणित आणि संख्याशास्त्र अभ्यासक्रमातच आहे. पुण्याची गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था, 1930 सालची, तुला सर्वांत जवळची. तिथे एम.एस्सी.ला जायचं हे डोक्यात ठेवून पदवीची तीन वर्षं आख.

माध्यमाची भीती बाळगू नकोस, पण दुर्लक्षही करू नकोस. मराठीतून बी.ए. करता येतं, अनेक जण करतात. एम.ए.ची चांगली पुस्तकं मात्र इंग्रजीतच आहेत. पहिल्या वर्षापासून प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहीत जा, 'सीमांत खर्च' आणि 'मार्जिनल कॉस्ट' शेजारी शेजारी.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. बी.कॉम. केलंस तरी अनेक विद्यापीठांत पुढे एम.ए. अर्थशास्त्राला जाता येतं, त्यामुळे तो रस्ता बंद गल्ली नाही. पण बी.कॉम.ला वर्षं अकाउंट्स, टॅक्स आणि कायद्यात जातात, अर्थशास्त्राचे पेपर मोजकेच. ज्या विषयासाठी तू हे पत्र लिहिलंस, तो कडेला पडेल. बाबांना हे शब्दांत पटवत बसण्यापेक्षा त्यांच्या जुन्या वह्या माग. 2015 ते 2017 या तीन वर्षांतले तुरीचे भाव महिन्यागणिक एका कागदावर उतरव, खाली आवक किती पोती ते लिही, आणि आलेख काढून त्यांच्याच गादीवर ठेव. भाव कुठे आणि का पडला हे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेव, आणि गणिताचं पुस्तक उघडशील तेव्हा तो कागद जवळ असू दे.