मोगऱ्याला जरा तहान लागू दे

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

"मामा, मोगरा हिरवागार आहे, पण कळीचा पत्ता नाही," हे वाचून हसूच आलं. हिवाळाभर रोज पाणी पाजलंस ना त्याला?

मोगरा नव्या फुटव्यावर कळी धरतो. म्हणून पौषात त्याचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळाली तरी बघत राहायचं, हे सगळ्यात अवघड. संक्रांतीनंतर फांद्या अर्ध्यावर छाटायच्या, आळं खणून घमेलंभर कुजलेलं शेणखत घालायचं, मग पोटभर पाणी. शिमग्याच्या सुमारास पोपटी फुटवे येतात, टोकाला तीन-तीन कळ्या. मी एका वर्षी कपाशीचा उरलेला युरिया टाकला होता. पानं अशी माजली की बस, फूल एक नाही! तुझी आजी महिनाभर बोलत होती.

आता मोठी छाटणी करू नकोस. शेंडे बोटभर खुड, मिरगापर्यंत थोडीफार कळी मिळेल.

पाणी पहाटे दे, नाहीतर दिवेलागणीनंतर. आपल्या वणीकडे पारा 45 वर गेला की उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं कढत येतं. ते झाडावर नको. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर आधी खुरप्यानं बुजव, नाहीतर पाणी भेगेतून खालीच जातं. वर तुरीचं कुटार पसर, पण खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर उधई लागते.

मे फ्लॉवर अजून वर आला नाही म्हणून त्याचा कांदा उकरून पाहू नकोस गं. आधी दांडा निघतो, त्यावर लाल गोळा. जवळून बघ, शंभरावर बारीक फुलं असतात त्यात. आठवडाभराची मौज, मग थेट पुढचं वर्ष. बकरीला तिकडे फिरकू देऊ नकोस, कांदा विषारी असतो.

मोगऱ्याच्या कळ्या चार-पाचच्या सुमारास, मिटलेल्या असतानाच खुड आणि माठाच्या ओल्या फडक्यावर ठेव. जेवणं होईपर्यंत उमलतात. पाच-सहा झाडावरच राहू दे. तसंही रात्री लाइट जातेच. बाज त्या बाजूला टाक.

नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, येतोय. पांढऱ्या चाफ्याची फांदी आणीन. चीक सुकेपर्यंत तिला आठवडाभर सावलीत ठेवावं लागतं, पडवीत जागा करून ठेव.

तुझा,
मामा