धुक्यातली गरी आणि वाडीतली पोपटी

प्रश्न : मावशी, नमस्कार. जानेवारीत पौर्णिमेच्या शनिवारी आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं रेवदंड्याला जमतोय. मुलाबाळांसकट वीस-बावीस जण होऊ. शनिवारी रात्री किनाऱ्यावर पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या, आणि रविवारी सकाळी सहाला खाडीच्या तोंडाशी गरी टाकायला जायचं, असं ठरलंय. त्या दिवसांत धुकं असतं आणि धुक्यात मासा चांगला लागतो, असं ऐकलं. ओळखीचे एक होडीवाले आठ जणांना पाण्यात न्यायलाही तयार आहेत. आणखी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : बेत छान आहे, फक्त रविवारची पहाट बदला. कारण सांगते.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या. पण बेत आखायला हा हिशेब पुरतो. तुमचा रविवार वद्य प्रतिपदेचा. भरती दुपारी साडेबारा-पाऊणच्या आसपास आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेसहाला. त्यात पौर्णिमेचं उधाण. या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. सहाला तुम्ही पोचाल तेव्हा समुद्र लांब गेलेला असेल, वाळू आणि चिखलट उघडी पडलेली असेल, आणि सगळे चालत चालत आत जातील. सातपासून पाणी परतायला लागेल. ते समोरून सरळ येत नाही. आधी सखल घळींतून शिरतं आणि तुमच्या पाठीमागे भरतं. उघड्या उजेडात हे दिसतं, माणूस मागे फिरतो. धुक्यात दिसत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेली माणसं भरती लागल्यावर अडकतात, ती तर स्वच्छ उन्हातसुद्धा.

धुकं पडतं ते आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असताना. रात्री जमीन गार होते, खाडीवरची ओलसर हवा तिच्यालगत थंडावते आणि पांढरा पडदा उभा राहतो. ऊन चढलं की नऊच्या सुमारास तो विरतो. तोवर दिशा कळणं कठीण. एरवी आपल्या किनाऱ्यावर सोपं असतं : उत्तरेकडे चालताना समुद्र डाव्या हाताला, दक्षिणेकडे चालताना उजव्या. पण ओहोटीला लाटांचा आवाज लांबून, बारीक येतो आणि धुक्यात तो चहूकडून आल्यासारखा वाटतो. म्हणून एक नियम सगळ्यांना सांगून ठेवा. किनाऱ्यावरची सुरूची झाडं दिसेनाशी झाली की तिथूनच मागे वळायचं. मुलांनी तर आदल्या भरतीची रेघ ओलांडायचीच नाही. शिंपल्या-काटक्यांची ती ओळ वाळूवर स्पष्ट दिसते.

धुक्यात मासा लागतो, असं पुष्कळ लोक म्हणतात. माझं मत विचाराल तर मासा पाण्याच्या वेळेवर लागतो. भरतीचं पाणी कुंडलिका नदीच्या तोंडातून आत चढायला लागलं की बोईट, शिंगाळे त्याबरोबर आत येतात, आणि नशीब असेल तर जिताडा. तेव्हा नऊला, धुकं निवळल्यावर, खाडीच्या पक्क्या काठावर उभे राहा आणि साडेअकरापर्यंत गरी टाका. आमिषाला ताजी कोळंबी घ्या. वीतभर जिताडा लागला तर गळ हलक्या हाताने काढून परत सोडा. तो मोठा होऊ द्या, ही माझी कळकळीची विनंती.

शिंगाळा उघड्या हाताने धरू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे त्याचे तीन काटे करवतीसारखे असतात आणि त्यांना विष असतं. जाड फडक्यात धरून पक्कडीने गळ सोडवा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, त्याने कळ उतरते. मग डॉक्टरांकडे जा. त्यासाठी गरम पाण्याचा थर्मास चहाच्या थर्मासशेजारी असू द्या. फुगून चेंडू होणारा केंड लागला तर तो घरी आणायचाच नाही. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

होडीचं म्हणाल तर धुकं असेतो नको. रेवदंड्याच्या खाडीतून मालवाहू बार्ज ये-जा करतात. होडीवाले कितीही जाणते असले तरी बार्जवाल्याला होडी दिसली पाहिजे ना! धुकं गेल्यावर, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असेल तरच जा.

आता पोपटी. ती किनाऱ्यावर लावू नका. पोपटी शेताची, वाडीची. ओळखीच्या माणसाची वाडी विचारून घ्या, सुरूखालची वाळकी पानं मात्र टाळा, ती भुर्रकन पेटतात. वाळूवर जाळ केला की लोक निखाऱ्यांवर वाळू लोटून निघून जातात. ते निखारे आत कितीतरी वेळ तापलेले राहतात आणि सकाळी अनवाणी पळणाऱ्या पोराचा पाय त्यावर पडतो. वाडीतही विझवायचं ते पाणी ओतूनच.

जानेवारी हा वालाच्या शेंगांचा ऐन मोसम. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर हा वाल भरतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या वासाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मध्ये केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडा. चर्र होऊन क्षणात सुकलं की झाली. वीस जणांना एक मोठं मडकं करण्यापेक्षा दोन मध्यम करा. मोठ्यातल्या मधल्या शेंगा कच्च्या राहतात. जेवणं साडेआठपर्यंत आटपा. आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असेल, तेव्हा मुलांना रुंद वाळूवर मनसोक्त खेळू द्या.

प्रश्न : भांबुर्डीचा पाला शहरात मिळत नाही. त्याऐवजी दुसरा कुठला चालेल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नुसती केळीची पानं वापरा. शेंगा शिजतील, तो वास मात्र येणार नाही. ओळख नसलेला रानपाला कधीही घालू नका. अलिबागकडून कुणी येणार असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून जुडी मागवा, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. ओवा थोडा सढळ हाताने घाला आणि मीठ जाडंच घ्या.