झेल मोजण्याआधी तो उभा कुठे होता ते पाहा

प्रश्न: एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगवरून माझं आणि दादाचं रोज वाजतं. २०१९ मध्ये सेंट्स संघाच्या मायकल थॉमसने हंगामात १४९ झेल घेतले, विक्रम केला. दादा म्हणतो, असले जवळचे पास कोणीही पकडेल. खरा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, लायन्स संघाचा कॅल्विन जॉन्सन. कोणाचं बरोबर?

उत्तर: आधी दादाला ते ‘कोणीही’ मागे घ्यायला लावा. थॉमसचा हातखंडा म्हणजे स्लँट. दोन-तीन पावलं सरळ, मग तिरकं आत. हे येणार हे त्याला अडवणाऱ्या कॉर्नरबॅकला तोंडपाठ असतं, तरी थॉमस आपलं अंग असं आडवं घालायचा की चेंडूला हात लावायला वाटच उरायची नाही. त्या वर्षी त्याच्याकडे १८५ पास आले, त्यातले १४९ हातात राहिले. सगळं श्रेय पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजला देऊनही भागत नाही. ब्रीजचा अंगठा दुखावला तेव्हा त्याच्या जागी टेडी ब्रिजवॉटर खेळला, आणि त्याच काळात टॅम्पा बेविरुद्ध थॉमसने ११ झेलांत चेंडू १८२ यार्ड पुढे नेला.

आता जॉन्सन. २०१२ मध्ये १२२ झेल, १,९६४ यार्ड. झेलामागे सोळा यार्ड पडतात, थॉमसचे साडेअकरा. पण टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं, फक्त ५, आणि संघ सोळापैकी चारच सामने जिंकला. नुसते टचडाऊन मोजणाऱ्याला तो त्या वर्षी सामान्यच वाटेल! सहा फूट पाच इंचांचा हा गडी खोल पळायचा, म्हणून त्याच्यावर दोन-दोन माणसं लागायची आणि बाकीच्यांना मैदान मोकळं मिळायचं. हे त्याच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. मला एकच निवडायचा तर मी जॉन्सन घेईन. म्हणजे दादाचं उत्तर बरोबर, कारण चुकलं.

राहिल्या उणिवा. त्या सगळ्यांतच असतात. प्रशिक्षकाला झाकता येते ती कोणती, एवढंच बघायचं. २०१७ च्या ड्राफ्टआधी (त्यात संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) रिसीव्हर जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पळाला आणि नवव्या क्रमांकावर निवडला गेला. कूपर कपला ४.६२ लागले, तो तिसऱ्या फेरीत गेला. रॉसच्या दुखापती कोण झाकणार? कपचा कमी वेग मात्र त्याच्या संघाने, रॅम्सने, झाकला. त्याला बहुतेकदा स्लॉटमध्ये (कडेच्या रिसीव्हरच्या आतल्या जागी) उभं करायचे, नाहीतर चेंडू सुटण्याआधी आडवं चालवत आणायचे, म्हणजे समोरच्याला त्याच्या छातीवर हात ठेवून अडवता येत नसे. शिवाय तो बचावातल्या मोठ्या लाइनबॅकरला ब्लॉक करायला, म्हणजे अंगाने अडवायला, जायचा, आणि पुढच्या वेळी तसाच जाऊन अलगद निसटायचा. २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाऊन. तिन्हींत लीगमध्ये पहिला.

तेव्हा पुढच्या सामन्यात चेंडू सोडा, एक अख्खा क्वार्टर, म्हणजे पाव सामना, नुसता रिसीव्हरवर डोळा ठेवा. पास दुसरीकडे गेला तेव्हा तो काय करतो, तेही बघा. दादालाही शेजारी बसवा.