पाचट जळालेला फड उपग्रहावरून ओळखताना

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणी पट्ट्यात उसाचं पाचट (तोडणीनंतर रानात उरलेला वाळला पाला) पेटवलेलं क्षेत्र मोजायचंय, पण गावात धूर दिसला त्या दिवशीही नासाच्या फर्म्स या आगी दाखवणाऱ्या नकाशावर लाल ठिपका नाही, असं तुम्ही विचारलंय. ठिपक्यांवर विसंबू नका. ठिपका त्या क्षणाची धग दाखवतो, जळालेली जमीन नाही. हे ठिपके देणारा उपग्रहावरचा व्हीआयआयआरएस सेन्सर आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. वारा पडल्यावर संध्याकाळी पेटवलेलं पाचट अर्ध्याएक तासात विझून जातं. शिवाय त्याचा एक पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास ३५ एकर. आत दोन एकर पेटलं तरी ठिपका एकच, त्यामुळे ठिपके मोजून एकर निघत नाहीत.

तुमच्या कामाला सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा घ्या. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी सकाळी साडेदहा-अकराची प्रतिमा. एल२ए (हवेचा परिणाम काढून टाकलेली प्रतिमा) निवडा आणि लाल, हिरवा, निळा या जागी अनुक्रमे बी१२, बी८ए, बी४ पट्टे (लघुतरंग अवरक्त, निकट अवरक्त आणि लाल प्रकाश) लावा. उभा ऊस हिरवागार दिसेल, वाळलं पाचट फिकट, जळालेलं रान काळपट तांबूस. यातला २० मीटरचा पिक्सेल म्हणजे चार गुंठे. २० गुंठ्यांच्या तुकड्यावर जेमतेम पाच पिक्सेल बसतात आणि कडेच्यांत बांध नि शेजारचं रान मिसळतं. एकराच्या आतले तुकडे मोजणीत धरू नका.

आता खरी गोम. जळाल्याची खूण सांगणारा आकडा, एनबीआर, काढतात तो असा: बी८ए वजा बी१२, भागिले दोघांची बेरीज. आगीआधीच्या आकड्यातून नंतरचा वजा करून फरक ०.१ च्या वर गेला की ‘जळालं’ म्हणायचं, हा हिशेब जंगलातल्या वणव्यांवरून आलेला आहे. ऊस तुटला की हिरवा पाला जातो आणि काडी न लावताही आकडा कोसळतो. म्हणजे डिसेंबरचा उभा ऊस ‘आधी’ नि फेब्रुवारीचा मोकळा फड ‘नंतर’ धरला, तर पाचट कुजवणारा शेतकरीही तुमच्या नकाशात जाळणारा ठरतो. हे होता कामा नये. तीन तारखा लागतात: उभा ऊस, तोडणीनंतरचं फिकट पाचट, मग काळवंडलेलं रान. फरक दुसरी-तिसरीत काढा. तोडणीनंतर दोन-तीन दिवसांत जाळून खोडव्याला (बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला) पाणी दिलं, तर मधली प्रतिमा हुकते. असे फड ‘संशयित’ म्हणून वेगळे ठेवा, बेरजेत मिसळू नका.

दुसरी अडचण काळ्या मातीची. कृष्णा-दूधगंगेकाठची नांगरलेली कोरडी काळी जमीन एनबीआरमध्ये जळाल्यासारखीच दिसते. म्हणून बी११ हा दुसरा लघुतरंग अवरक्त पट्टा स्वतंत्र बघा: पाचट जळाल्यावर तो ठळक खाली येतो, कोरड्या नांगरटीवर बराचसा टिकतो. पाणी पाजलेल्या रानात बी११ आणि बी१२ दोन्ही पडतात, पण बी१२ जास्त पडल्याने एनबीआर उलट वर चढतो. एकट्या आकड्यावर निकाल देऊ नका.

खानापूरच्या बाजूला, जांबोटी-कणकुंबीकडे, हीच पद्धत चालवू नका. भाताच्या तरव्यासाठी (रोपं वाढवायला) पालापाचोळा पसरून भाजलेला राब दोन-चार गुंठ्यांचा, तो या प्रतिमेत सापडत नाही. दिसतात ते डोंगरउतारावरचे जळालेले गवताळ माळ. तिथे पानगळीनेही एनबीआर घसरतो, म्हणून ‘आधी’ची प्रतिमा नोव्हेंबरची नको, आगीच्या आठवड्यातलीच हवी. जूनपासून ढगांमुळे कामच थांबतं.

पडताळणीला किमान ३० जळालेले आणि ३० न जळालेले फड प्रत्यक्ष पाहा, तेही पंधरवड्याच्या आत, कारण पाणी नि नांगर खुणा लवकर पुसतात. प्रत्येक ठिकाणी फडाच्या मधोमध उभं राहून अक्षांश-रेखांश घ्या, बांधावरून नको, आणि पेटवल्याची तारीख तिथल्या पाणक्याला विचारा. नकाशा गावात दाखवाल तेव्हा सर्व्हे नंबर काढून टाका.