ऑटिझम असलेल्या मुलीला घेऊन थीम पार्कला जायचंय, तयारी कशी करावी?

तुमची मुलगी सात वर्षांची आहे, बोलते मोजकं, मोठ्या आवाजाचा त्रास होतो, रांगेत टिकत नाही. धाकट्याने मात्र थीम पार्कचा धोशा लावलाय, आणि घरातलेच काही जण म्हणतायत, "तिला नेऊन कशाला जीवाला त्रास?" जावं का, आणि जायचं तर आधी काय करून ठेवावं, असं तुम्ही विचारलंय.

जा. आमचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, तोही स्वमग्न. आम्ही चार वेळा गेलोय. पहिली सहल पार फसली, दुसरी कशीबशी निभावली, पुढच्या दोन चांगल्या झाल्या. त्या अनुभवावरून सांगतो: कोणत्या राईड्स घ्यायच्या याची यादी करण्यात रात्री घालवू नका. राईड असते दोन-तीन मिनिटांची. अख्खा दिवस खातं ते थांबणं आणि एक गोष्ट सोडून दुसरीकडे जाणं. तयारी करायची ती त्या दोन गोष्टींची.

पहिल्या वेळी महिनाभर आम्ही त्याला एकाच राईडचं गाजर दाखवत होतो. आगगाडीची होती. सकाळी थेट तिथे गेलो, पाऊण तास रांगेत काढला, पुढे सात-आठ माणसं उरली असताना काहीतरी बिघाड झाला आणि राईड थांबली. तिथला मुलगा हसून म्हणाला, "थोड्या वेळाने या." आमच्या चिरंजीवांच्या हिशोबात 'थोडा वेळ' हे मापच नाही. पुढचा बराच वेळ तो रांगेच्या कठड्याखाली आडवा पडून किंचाळत होता, मी लोकांचे पाय चुकवत त्याच्यावर वाकलो होतो, आणि मागे एक बाई नवऱ्याला सांगत होत्या, "लाडावून ठेवलंय." बाईंचं सोडा. ठरलेली राईड बंदही असू शकते हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, आणि ती चूक माझी.

दिवसभरात कशानंतर काय, हे आम्ही त्याला चित्रांच्या कार्डांनी दाखवतो. तेव्हापासून त्या वेळापत्रकात एक जादा कार्ड आहे. पिवळा कागद, त्यावर प्रश्नचिन्ह. म्हणजे, ठरलेलं बदललं. ते आधी घरी रुळवलं, तेही गमतीच्या बदलांनी: दुकानात जायचं होतं, प्रश्नचिन्ह, चल झोक्यावर. हे महत्त्वाचं आहे. वाईट बातमीच्याच वेळी कार्ड काढलंत तर मुलगी कार्डालाच घाबरेल. आणि देखभालीसाठी कोणत्या राईड्स बंद आहेत हे बहुतेक मोठी पार्क्स वेबसाइटवर आधी टाकतात. ते बघूनच चित्रं छापा.

तुमच्या थेरपिस्टकडे सोशल स्टोरी हा प्रकार असेलच, म्हणजे एखाद्या प्रसंगात काय काय होणार ते आधीच सांगणारी छोटी गोष्ट. अमेरिकन शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो रूढ केला. पार्कचे फोटो घेऊन तशी गोष्ट बनवा, पण ती मजेची जाहिरात होऊ देऊ नका. गेटवर बॅग तपासतात, ती आपल्या हातातून घेतात आणि परत देतात. मनगटावर कागदी पट्टा बांधतात. हे एवढंसं वाटतं, पण आमच्याकडे पहिलं रडू पट्ट्यावरूनच फुटलं. नंतर आम्ही घरात आठवडाभर कागदाची पट्टी बांधायची सवय केली. तरी नाहीच जमलं तर पट्टा पँटच्या लूपला किंवा बॅगेला लावून चालेल का, हे गेटवर विचारा.

राईडमध्ये बसून काढलेले व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने मिळतात. आधी आवाज बंद करून दाखवा, मग हळूहळू वाढवा. अंधार नेमका कुठे होतो, पाणी कुठे उडतं, हे तिला आधीच कळतं. एक तोटा आहे, बरं का. आमच्या मुलाने व्हिडिओ पहिल्या डब्यातला पाहिला होता, त्यामुळे त्याला पहिलाच डबा हवा. चालवणाऱ्याला नीट सांगितलं तर बहुतेक वेळा देतात, फक्त पुढच्या फेरीसाठी थांबावं लागतं.

आता रांगेचं. विकलांग पाहुण्यांसाठीची सोय असं शोधलंत की बहुतेक मोठ्या पार्कांची योजना सापडते, पण त्या एकसारख्या नाहीत. डिस्नेची अमेरिकेतली योजना म्हणजे डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस. २०१३ पासून ती आहे, आणि २०२४ मध्ये तिचे निकष कडक केले. ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींमुळे ज्यांना साध्या रांगेत फार वेळ थांबता येत नाही, त्यांच्यासाठीच ती आता आहे. यात रांग टळते, थांबणं टळत नाही. रांग चाळीस मिनिटांची असेल तर साधारण तेवढ्या वेळानंतरची वेळ मिळते, तोवर तुम्ही कुठेही बसा. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते आणि ज्याच्यासाठी सोय हवी ते मूल समोर असावं लागतं. तिथे निदानाचं नाव घेऊन थांबू नका, रांगेत नेमकं काय होतं ते सांगा. "दहा मिनिटांनी स्वतःचा हात चावते, पळत सुटते" असं. कानाला बरं वाटत नाही, विशेषतः मुलीसमोर बोलताना. मी शेवटी ते कागदावर लिहून ठेवलं आणि वाचून दाखवलं.

युनिव्हर्सलच्या अमेरिकेतल्या पार्कांचा मार्ग वेगळा. तिथे आधी आयबीसीसीईएस या, ऑटिझमविषयी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं कार्ड ऑनलाइन काढावं लागतं, त्यासाठी कागदपत्रं लागतात. म्हणून कुठेही जाणार असाल तरी निदानाचा अहवाल स्कॅन करून फोनमध्ये ठेवा, मराठीत असेल तर इंग्रजी प्रतही. याच संस्थेचं 'सर्टिफाइड ऑटिझम सेंटर' हे प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं थीम पार्क म्हणजे फिलाडेल्फियाजवळचं सेसमी प्लेस, २०१८ साली. प्रमाणपत्राचा अर्थ कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलंय एवढाच घ्या. माझ्या लेखी जास्त कामाची असते ती अशा पार्कांची सेन्सरी गाइड: प्रत्येक राईडला आवाज, स्पर्श, प्रकाश, वास यांचे वेगवेगळे गुण दिलेले असतात. ती घेऊन बसलात की निम्म्या राईड्स आपोआप गळतात. शांत खोली कुठे आहे तेही त्यातच बघा, आणि आत गेल्यावर पहिल्यांदा तीच खोली मुलीला दाखवा, ती शांत असतानाच. ती बिथरल्यावर अनोळखी खोलीत नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

विमानाने जात असाल तर सूर्यफुलांच्या हिरव्या पट्ट्याबद्दल वाचा. न दिसणाऱ्या विकलांगतेची ती खूण २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि आता बऱ्याच देशांच्या विमानतळांवर ओळखतात. पट्टा घातला म्हणून रांग चुकत नाही, समोरचा जरा सबुरीने घेतो इतकंच.

टॉयलेट हा विषय कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. हात वाळवायचं यंत्र आणि आपोआप सुटणारा फ्लश, या दोघांनी आमच्या सहलीचे जितके तास खाल्ले तितके कुठल्याच रोलर कोस्टरने खाल्ले नाहीत. एकदा फ्लश अंगाखाली सुटला की त्या दिवसापुरतं टॉयलेट बंद, आणि मग पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. उपाय अगदी साधा: खिशात चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवा आणि मुलगी बसण्याआधी सेन्सरच्या काळ्या डोळ्यावर एक चिकटवा. मुलगी दाराबाहेर गेल्यावर चिठ्ठी काढा. आमचा मुलगा आता स्वतः चिठ्ठी लावतो, दाबून दोनदा तपासतो, मगच बसतो. हात पुसायला रुमाल घरून न्या, आणि फॅमिली टॉयलेट असेल तर तेच वापरा, तिथे निदान दुसऱ्या कुणाच्या हाताखाली यंत्र सुरू होत नाही.

कानावरचे हेडफोन, ओळखीचा खाऊ, पाणी हे तुम्ही घ्यालच. पाऊस असो नसो, पायमोज्यांचे दोन जास्तीचे जोड घ्या.

हरवण्याची भीती खरी आहे, ती कुणी उडवून लावली तर ऐकू नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत, ऑटिझम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांनी चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून जायचा प्रयत्न केला होता. आम्ही सकाळी गेटवर त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढतो, दंडावर फोन नंबर लिहितो, बुटात ट्रॅकर ठेवतो. आणि दिसेनासा झालाच तर पहिली धाव पाण्याकडे, कारण जिवाला धोका तिथे जास्त, मग बाकी सगळीकडे. कारंजी, तळी, पाण्याच्या राईड्स नकाशावर आधीच खुणा करून ठेवा. कोणाच्या पाळीत कोणाची नजर तिच्यावर आहे हे तोंडाने बोलून ठरवा, "आता तू" असं. आमचा एकदा हरवला होता तो माझी नजर आहे असं बायकोला वाटलं आणि तिची आहे असं मला वाटलं, तेव्हा.

पार्क उघडताना आत शिरा आणि दुपारी बाहेर पडा. संध्याकाळच्या परेडसाठी रस्ते अडवतात, मग गेट समोर दिसत असूनही पलीकडे जाता येत नाही. आतषबाजी पार्कच्या बाहेरही ऐकू येते, तेव्हा हॉटेलची खोली त्या बाजूची नको असं बुकिंग करतानाच सांगा.

धाकट्याला मात्र बहिणीच्या घड्याळावर बांधू नका. आमच्या थोरलीने दुसऱ्या सहलीनंतर विचारलं होतं, "माझी पाळी कधी येणार?" उत्तर नव्हतं. त्यानंतर दुपारी एक जण मुलासोबत खोलीवर, दुसरा थोरलीसोबत पुन्हा पार्कमध्ये, आणि त्या दोन तासांत निर्णय सगळे तिचे. तिकिटावर त्याच दिवशी परत आत सोडतात का, हे मात्र तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या.